पाचारण : ऐकणाऱ्याचे आणि त्याच्या घराचे

कुठे मोठी आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास असते : अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले. रोजच्या बोलण्यात हा शब्द आता कुणी वापरत नाही. आपण बोलावतो, हाक मारतो, फोन करतो. पाचारण उरले आहे ते बातमीत, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी. एखाद्या तरुणाने पाळक व्हायचे मनात आणले की मंडळीतली वडीलधारी माणसे त्याला विचारतात, 'पाचारण झालंय का?' देवाने माणसाला दिलेल्या हाकेसाठी मराठी बायबलनेही हाच शब्द घेतला आहे.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका मराठी ख्रिस्ती घरातला. त्यामुळे हा शब्द लहानपणापासून कानांवर होता. पण त्याचा विचार मी केला तो फार उशिरा, आणि तोही एका विद्यार्थिनीमुळे. महाविद्यालयात मी 'स्मृतिचित्रे' शिकवत होते. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा आणि लक्ष्मीबाईंच्या त्यानंतरच्या एकाकी दिवसांचा भाग झाला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती ख्रिस्ती नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, देवानं टिळकांना बोलावलं, असं आपण धरून चालू. पण मग त्याच वेळी लक्ष्मीबाईंना का नाही बोलावलं? त्यांच्या वाट्याला नुसतं रडणंच का?"

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले. प्रश्न मात्र सुटला नाही. पाचारण म्हणजे काय, ते ऐकू येते कसे, खरे कोणते आणि भासमान कोणते, आणि एकाने ऐकलेल्या हाकेची झळ दुसऱ्याला लागते तेव्हा काय म्हणायचे, या प्रश्नांचा शोध मी तेव्हापासून घेत आले. त्या शोधाचा हा थोडक्यात आढावा.

ऐकणे आणि ऐकणे

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. 'मला पावसाचा आवाज ऐकू येतो' यातले ऐकणे कानाचे. 'हा मुलगा मुळीच ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा मुलाचे कान ठणठणीत असतात. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढाच अर्थ. हिब्रू भाषेतल्या 'शमा' या क्रियापदालाही हेच दोन अर्थ आहेत. ग्रीक भाषेत आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या क्रियापदापासून तयार झाला आहे. लॅटिनमध्येही तसेच आहे. बायबलच्या जगात हाक कानावर पडणे आणि हाकेला उठणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. उठलाच नाही, तर त्याने ऐकलेच नाही असे धरतात.

पाचारणाची सर्वांत परिचित गोष्ट जुन्या करारात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. रविवारच्या शाळेत ती प्रत्येक मुलाला सांगतात. शमुवेल हा शिलोच्या मंदिरात वृद्ध याजक एली याच्या हाताखाली सेवा करणारा मुलगा. रात्री त्याला हाक ऐकू येते. एलीनेच बोलावले असे समजून तो धावत त्याच्याकडे जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावले, जाऊन नीज. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की ही हाक देवाची आहे. पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचे, हे तो मुलाला शिकवतो. चौथ्या वेळी शमुवेल त्याप्रमाणे उत्तर देतो.

मुलांना सांगताना ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढचा भाग मी मोठेपणी नीट वाचला. शमुवेलाला देवाकडून पहिला निरोप मिळतो तो एलीच्याच घराच्या नाशाचा. एलीचे मुलगे दुर्वर्तनी निघाले आणि त्याने त्यांना आवरले नाही, म्हणून त्याचे घराणे बुडणार आहे. सकाळी मुलगा ते सांगायला घाबरतो. एली त्याला काही न लपवता बोलायला लावतो, सर्व ऐकून घेतो, आणि देवाला योग्य वाटेल ते त्याने करावे, एवढेच म्हणतो.

या गोष्टीतून मला तीन मुद्दे दिसतात. पहिला, हाक प्रथम ओळखू येत नाही. ती घरातल्याच कुणाच्या तरी आवाजासारखी वाटते. दुसरा, ज्याला हाक आली त्याने ती एकट्याने ओळखली नाही. ओळखून दिली ती दुसऱ्याने. तिसरा मुद्दा सर्वांत अवघड : ज्याने ऐकायला शिकवले, त्या हाकेचा आघात त्याच्याच घरावर झाला. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या जुन्या गोष्टीत आधीपासूनच दडलेला होता.

हाकेची पारख

आपल्याला ऐकू आलेला प्रत्येक आतला आवाज देवाचाच असतो, असे ख्रिस्ती परंपरा मुळीच मानत नाही. महत्त्वाकांक्षाही हाक मारते. भीतीही मारते. म्हणून पारख करण्याची एक मोठी परंपरा तयार झाली. तिच्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव इग्नेशियस लोयोला यांचे.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून या स्पॅनिश सरदाराचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी तो महिनोन्‌महिने पडून होता. वाचायला त्याला शूरवीरांच्या अद्भुत कथा हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या तो कधी पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्हींत रंगून जाई. पण हळूहळू त्याला एक फरक जाणवला. पराक्रमाची स्वप्ने संपली की मन कोरडे पडे. दुसऱ्या विचारांनंतरची प्रसन्नता मात्र मागे रेंगाळत राही. हाकेची पारख तिच्या गोडव्यावर करायची नाही, ती ओसरल्यावर मनात काय उरते त्यावर करायची, हे सूत्र त्याला इथे सापडले. पुढे आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्याने त्याचे नियम घालून दिले. त्यातला एक अगदी व्यवहारी आहे : मन खचलेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

त्याच काळात मार्टिन लूथरने पाचारणाचा अर्थ दुसऱ्या दिशेने रुंदावला. तोवर देवाचे बोलावणे म्हटले की मठ, संन्यास, याजकपण असेच समजत. लूथर म्हणाला, शेतकरी, चांभार, गृहिणी यांचे कामही पाचारणच आहे. विवाहावर १५२२ साली लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने श्रद्धेने बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण दिले. लोक त्या बापाला हसतील, पण देव त्याच्याकडे पाहून संतोषाने हसतो, असा त्याचा आशय आहे.

एकाने विचारले, हाकेनंतर मनात काय उरते? दुसऱ्याने विचारले, हाक तुम्हाला शेजाऱ्याच्या कामी लावते का? आपल्या मराठी मुलखातल्या दोन मोठ्या पाचारणांकडे हे दोन प्रश्न घेऊन पाहता येते.

पंडिता रमाबाई : आठ वर्षांचे ऐकणे

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दक्षिणेतल्या दुष्काळात १८७४ साली काही महिन्यांच्या अंतराने आईवडील गेले. तरुण रमाबाई भावाबरोबर पायी देशभर फिरल्या. कलकत्त्यात पंडितांनी त्यांचा गौरव केला. लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ साली वैधव्य, हे सर्व दोन वर्षांच्या आत घडले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे पाचारणाची गोष्ट पूर्ण झाली, असे कुणालाही वाटेल. रमाबाईंना तसे वाटले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. चर्चने सांगितले म्हणून प्रत्येक गोष्ट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे सदसद्‌विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हवाली केली असे होत नाही, हा त्यांच्या पत्रांमधला पुन्हापुन्हा येणारा सूर आहे. सिस्टर जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला. मला त्यात ऐकण्याची धडपड दिसते. मध्यस्थ बोलतात ते कोणते आणि देव बोलतो ते कोणते, हे त्या वेगळे करू पाहत होत्या. शमुवेलाला एली हवा होता हे खरे, पण प्रत्येक हाकेला एलीकडेच धावत राहिला असता, तर चौथी हाक त्याने ऐकलीच नसती.

पुढे आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी लिहिले की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला तो सुमारे आठ वर्षांनंतर. त्याला निमित्त झाले विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र. पाळकपणाची दीक्षा घेऊन काही वर्षे काम केल्यानंतर आपला खरा पालट झाला, असे त्याने त्यात सांगितले होते. ते वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या.

दरम्यान ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. मुलींवर धर्म लादायचा नाही, हे तिथले ठरलेले तत्त्व होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र लपवत नसत. त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून १८९३ साली वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. तरीही विश्वासाने मुलगी पाठवलेल्या पालकाला वाटलेली फसवणूक निव्वळ कर्मठपणा होती, असे मी म्हणू शकत नाही. स्वतःचे पाचारण उघडपणे जगणे आणि दुसऱ्याला दिलेला शब्द राखणे यांत ताण येतो, तो तिथे आला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून मुली उपाशी मरत असल्याच्या बातम्या आल्या, आणि रमाबाईंना स्वतःचे जुने उपासमारीचे दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्ती उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुली होत्या. दूध, शेती, विणकाम, छपाई, सर्व काही तिथल्या बायका करीत. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या, ते ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवीपर्यंत. वाँटेजला सुरू झालेल्या हाकेचा अर्थ केडगावला स्पष्ट झाला, असे मला वाटते. वर्तमानपत्रातला तो शब्द इथे चपखल बसतो : जिथे आग लागली आहे, तिथेच पाचारण होते.

टिळक : आगगाडीतली भेट

नारायण वामन टिळकांच्या पाचारणाची सुरुवात आगगाडीच्या डब्यात झाली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पण वाचण्याचा शब्द दिला म्हणून त्यांनी वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पुढची दोन वर्षे त्यांनी वाचन, वाद, पत्रव्यवहार यांत काढली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इग्नेशियसच्या कसोटीला हे पाचारण उतरते. ती क्षणाची लहर नव्हती. मान, नोकरी, जात, आप्त सारे गेल्यावरही ओढ उरली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. म्हणजे हाक परक्या भाषेत आली नाही, ओळखीच्याच आवाजात आली. पुढे त्यांच्या अभंगांनी मराठी उपासनेला स्वतःचा सूर दिला आणि तो आजही आमच्या देवळांत घुमतो.

पण त्या दिवशी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या.

लक्ष्मीबाई : दुसरी हाक

लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांची मनू. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके विलक्षण की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. त्या सोवळ्याने घरातल्या बायकांचे किती हाल केले, हे 'स्मृतिचित्रां'तच वाचावे. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या घशाशी येते. अशा घरात वाढलेल्या बाईच्या नवऱ्याने धर्म बदलला. सत्तावीस वर्षांच्या आतबाहेरचे वय, पदरी लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून घर नाही. त्या पंढरपूरला नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांची सधवा-विधवा अशी अवस्था लोक डोळ्यांनी रोज मोजत होते.

पुढे त्या टिळकांजवळ नगरला आल्या, तेव्हाही धर्म बदलायला आल्या नव्हत्या. आपला आचार सांभाळून राहू लागल्या. टिळक स्वभावाने तापट, हट्टी. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. नंतरची गोष्ट लक्ष्मीबाईंनीच सांगितली आहे. एकदा त्या एकट्याच विचार करीत बसल्या : जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर पशूपक्ष्यांत दिसतो तसा फरक माणसांच्या शरीरातही दिसला असता. जन्म, मरण, हाडेमांस सर्वांचे सारखेच. मग भेद आला कुठून? त्या विचाराअंती त्यांनी ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

माझ्या मते लक्ष्मीबाईंचे पाचारण हे आहे. त्यांना ना स्वप्न पडले, ना आगगाडीत कुणी भेटले. हातात ग्रंथही नव्हता. त्यांना हाक आली ती बालपणापासून सोसलेल्या सोवळ्यातून उठलेल्या एका साध्या प्रश्नाच्या रूपाने. टिळकांच्या हाकेचा तो प्रतिध्वनी नव्हता. तशी असती, तर त्या १८९५ सालीच मागोमाग गेल्या असत्या. त्यांनी पाच वर्षे घेतली. आणि हाक ऐकल्यावर त्यांनी काय केले? दुष्काळात अनाथ झालेली मुले घरात घेतली, त्यांची न्हाणी-धुणी केली. लूथरच्या दुपट्यांची आठवण यावी, असेच ते काम.

१९१७ साली टिळकांनी पुन्हा एक हाक ऐकली. मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत ही त्यांची कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. मागे राहिले अपुरे 'ख्रिस्तायन'. त्याचे सुरुवातीचे थोडे अध्याय टिळकांचे. उरलेले बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरांशी झगडायला शिकवले, तिने त्याचे अर्धवट राहिलेले काम संपवत आणले. १९३४ साली 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग आला. १९३६ साली त्या गेल्या.

त्या मुलीला उत्तर

एवढे वाचल्यावर त्या मुलीला मी काय सांगेन?

पहिले हे की, लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षे ही 'देवाची योजना' होती, असे मी म्हणणार नाही. ती पळवाट आहे. त्यांचे रडणे खरे होते आणि त्याला टिळकही जबाबदार होते. देवाची हाक ऐकणारा माणूस घरातली हाक ऐकण्यात कमी पडू शकतो. पाचारण खरे असले, म्हणून ते ऐकणाऱ्याची प्रत्येक कृती बरोबर ठरत नाही. आमच्या मंडळ्यांमधून साक्षी सांगताना हे वाक्य अनेकदा गाळले जाते. नोकरी सोडून सेवेला लागलेल्या माणसाचे कौतुक होते. महिन्याच्या पंधरा तारखेला किराण्याचे पैसे कुठून आणायचे, हे त्याच्या बायकोला कुणी विचारत नाही.

दुसरे हे की, म्हणून टिळकांची हाक खोटी ठरत नाही. ती खरी होती याची माझ्यापुरती सर्वांत मोठी खूण अभंगांतही नाही. ती त्या घरात आहे, जिथे एका तापट माणसाने बायकोला तिच्या गतीने, तिच्या वाटेने, तिच्या प्रश्नाने येऊ दिले. एली शमुवेलाला म्हणाला, जाऊन नीज. त्याच्याऐवजी उत्तर द्यायला तो गेला नाही. टिळकांना हे आधी जमले नव्हते, नंतर जमले.

तिसरे, आणि हेच मुख्य. मुलीने विचारले होते, देवाने लक्ष्मीबाईंना का नाही बोलावले? बोलावले होते. फक्त आपण कान लावून बसलो होतो ते टिळकांच्या दिशेला. हाक म्हटले की आपल्याला आगगाडी, स्वप्न, ग्रंथ हवा असतो. चुलीपाशी बसून 'हा भेद आला कुठून?' असे विचारणाऱ्या बाईला ऐकू आले ते आपण पाचारण म्हणून मोजत नाही. शिकवताना मीही मोजले नव्हते.

यंदाच्या दिवाळीत जुने कागद आवरताना त्या वर्षीच्या वर्गाची हजेरीवही हाती लागली. त्या मुलीचे नाव त्यात आहे. ती आता कुठे आहे मला ठाऊक नाही. तिला मी तेव्हा म्हटले होते, "पुढच्या तासाला बोलू." पुढच्या तासाला आम्ही वेगळाच धडा घेतला. तिच्या प्रश्नाला उठायला मला इतकी वर्षे लागली.